मणी सांभाळणारी ताटली

मित्रांनो, मशीनच्या खोलीबाहेर टेबलावर पोचा आलेली एक स्टीलची जुनी ताटली दिसते ना, ती मी. माझा आकार घेवड्याच्या बीसारखा, एका बाजूने आत दबलेला. आपलं मूत्रपिंडही असंच दिसतं, म्हणून दवाखान्यात मला किडनी ट्रे म्हणतात.

मोठ्या पत्र्यातून मला कापलं, दणके देऊन खोलगट केलं, कडा वळवल्या. तरुणपणी मी शस्त्रक्रियेच्या खोलीत होते. उकळत्या पाण्यातून निघायचं आणि कात्र्या-चिमटे अंगावर झेलायचे. "ती चकचकीत इकडे द्या," असं म्हणून मोठे सर्जन मलाच मागून घ्यायचे. मग एकदा कुणाच्या तरी हातून निसटले, पोचा पडला आणि कौतुक आटलं. कितीतरी वर्षं भंगाराच्या खोक्यात पालथी पडून होते. शेवटी मशीनवाल्या काकांनी मला उचललं. "दागिने ठेवायला बरी आहे की," म्हणाले. शरीराच्या आतले फोटो काढणाऱ्या त्या गोल मशीनमध्ये जाण्याआधी अंगावरचं धातूचं काढून ठेवावं लागतं. तेव्हापासून लोकांचा जीव ज्यात अडकलेला असतो, ते सगळं माझ्या पोटात येतं.

कपडे शिवणाऱ्या एक बाई मला अजून आठवतात. त्यांचा रक्तदाब औषधांना दाद देत नव्हता. पहिल्यांदा आल्या तेव्हा फक्त पोटाचा फोटो होता. गळ्यात पितळी मण्यांची माळ होती. तिला हूक नव्हता, दोऱ्याला गाठ होती. काढायची तर कापायलाच हवी.

"फोटो पोटाचा, मग गळ्याशी काय काम?" बाई म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. मी रिकामीच राहिले.

काही दिवसांनी बाई लेकीला घेऊन परत आल्या. डॉक्टरबाई स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी जागोजागी आवळलीये आणि मध्ये मध्ये फुगलीये. थेट या माळेसारखी दिसते. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेजिया म्हणतात याला."

"अगं बाई! नाव पाठ होईपर्यंत आजार बरा व्हायचा," बाई हसल्या.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "हे एका ठिकाणी सापडलं की दुसरीकडेही असू शकतं. म्हणून डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या रक्तवाहिन्या एकदा बघून घ्यायच्या. आज मात्र माळ काढावी लागेल. धातूमुळे फोटोवर रेघा उमटतात, मानेतलं काही धड दिसत नाही."

बाईंची मूठ माळेवर आवळली. "माझ्या आईनं ओवलीये ही. गाठसुद्धा तिच्याच हातची आहे."

"आई, हट्ट करू नकोस," लेक म्हणाली.

"तुला काय जातंय सांगायला! डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. मला काय धाड भरलीये?"

लेकीचा आवाज एकदम खाली आला. "आजीलाही काही झालं नव्हतं. डोकं धरून खाली बसली, ती उठलीच नाही. मला पुन्हा तसं काही बघायचं नाहीये, आई."

मग बाईंनी पिशवीतून आपली कात्री काढली. लेक पुढे झाली तशा म्हणाल्या, "सर बाजूला. जन्मभर धागे मीच कापलेत." कच्‌ आवाज झाला आणि मणी टपटप माझ्यात पडले. मी आयुष्यात इतक्या कात्र्या झेलल्या, पण एवढा जड भार कधी अंगावर घेतला नव्हता.

दार बंद झालं. "औषध शिरेत गेलं की अंग गरम वाटेल. घाबरू नका, हलू नका," असा काकांचा आवाज आतून आला. लेक मला मांडीवर घेऊन बाकावर बसली. तिची बोटं थंडगार होती. तिचा पाय सारखा हलायचा, तसे मणी माझ्यात कडकड वाजायचे. ती ते हाताने दाबून धरायची, तरी वाजायचे.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलाय."

मणी एकदम गप्प झाले. "फुटलाय?" लेकीनं विचारलं.

"नाही. वेळेत सापडलाय. फुटायच्या आत बंद करता येईल."

लेक तेव्हा कुठे रडली. तिचे अश्रू मण्यांवर पडले, काही माझ्या पोच्यात साचले.

पुढे बरेच दिवस खबर नव्हती. दार वाजलं की माझा जीव टांगणीला लागायचा. मग एका दुपारी बाई आल्या. ऑपरेशन झालेल्या डोक्यावर रुमाल, चाल जरा हळू, गळ्यात तेच मणी. या वेळी कुणी सांगायच्या आत त्यांनी माळ काढून माझ्यात ठेवली.

"काका, हूक बसवून घेतलाय. आता तपासायला यायचंच आहे, तर दरवेळी कोण कापत बसणार?"

"आणि ती गाठ हो?" काकांनी विचारलं.

"डबीत ठेवलीये जपून. फेकीन होय!"

मित्रांनो, माझ्या पोच्याला हसलात तरी मला राग नाही. पण घरातलं मोठं माणूस "मला काही होत नाही" म्हणालं, की तेवढ्यावर सोडून देऊ नका. हात धरून इथवर आणा. गळ्यातलं, हातातलं खुशाल माझ्या हवाली करा. ते मी सांभाळते, तुम्ही माणूस सांभाळा.