साबणाच्या कारखान्यासमोर

माझा थोरला भाऊ साबणाच्या कारखान्यात कढईवर होता. वहिनी तिथेच वड्या कागदात गुंडाळायची आणि मी गोदामात पोती वाहायचो. तेव्हा शहराभोवतीची उपनगरं डोळे मिटूनही ओळखता यायची. आमच्याकडे साबणाचा वास, पलीकडे काचेच्या भट्ट्या, त्याच्याही पुढे लाकूड कापायचे कारखाने. काचवाल्यांचे हात भाजलेले आणि तोंड तिखट. लाकूडवाले बहुतेक एका कानाने बहिरे. ते आम्हाला चिडवायचे, की तुम्ही भांडलात तरी तोंडातून फेसच येतो.

मग कारखाने बंद पडले. तिथे आणि आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या, कारखान्यासमोरच्या इमारतीत आम्ही राहायला गेलो. एकाच बिल्डरने तिन्हीकडे बांधल्या, तिन्हीकडे एकच नाव दिलं, एकच पिवळा रंग फासला. सरकारने उपनगरांची जुनी नावं काढून सेक्टरचे आकडे दिले. पुतण्या म्हणायचा, बाबा, झोपेत उचलून तुम्हाला दुसऱ्या सेक्टरात ठेवलं तर कळायचंही नाही. भाऊ उखडायचा, म्हणायचा, गाव कळायला आकडा कशाला लागतो? वहिनी म्हणायची, ठेवा खुशाल, मला तेवढीच शांतता.

त्या दुपारी पुतण्या कामावर गेला होता. वहिनी भाजी निवडत होती. निवडता निवडता थांबली आणि तिने छातीवर हात दाबला. तिला श्वास घेता येईना. मी तिला मागून आधार देऊन बसलो. भाऊने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला.

पत्ता विचारल्यावर तो सवयीने म्हणाला, साबणाच्या कारखान्यासमोर. फोनवरच्या मुलीला असा कारखाना कुठेच दिसेना. त्याने उपनगराचं जुनं नाव सांगितलं. तेही तिच्या कॉम्प्युटरवर नव्हतं. शेवटी तिने इमारतीचं नाव आणि मजला विचारला, आणि मिळालं, गाडी निघाली, असं सांगून फोन ठेवला. भाऊ वहिनीला म्हणाला, निघाली बघ. तिने मान हलवली. तिचे ओठ निळे पडायला लागले होते.

भाऊने दार सताड उघडलं आणि तो उंबऱ्यातच उभा राहिला. थोड्या वेळाने फोन वाजला. ड्रायव्हर होता.

"काका, आम्ही दारात उभे आहोत. दार उघडा."

"मी दार उघडूनच उभा आहे," भाऊ म्हणाला.

समोर मोकळा जिना होता. ड्रायव्हरने विचारलं, तिसराच मजला ना? गेटजवळ कारंजं, समोर औषधांचं दुकान? भाऊ खिडकीशी धावला. कारंजं होतं, दुकानही होतं. गाडी तेवढी नव्हती.

भाऊने फोन कानाशी घट्ट धरला. "बाबा रे, तिथे वास कसला येतोय?"

"कसला वास, काका? कसलाच नाही."

भाऊने श्वास ओढून पाहिला. आमच्याकडेही कसलाच येत नव्हता.

ड्रायव्हर सेक्टरचा आकडा विचारायला लागला. तो पुतण्यालाच ठाऊक. मी वहिनीला भिंतीला टेकवलं आणि खाली गेलो. गेटवरची पाटी अक्षराला अक्षर लावत वाचली, वर येऊन आकडा सांगितला. ड्रायव्हर हळूच म्हणाला, म्हणजे आम्ही काचेच्या भट्टीच्या बाजूला आलो. येतोच. त्यालाही भट्ट्या माहीत होत्या, पण आता त्याचा काय उपयोग.

मी वहिनीजवळ गेलो तेव्हा तिचं डोकं एका बाजूला कलंडलं होतं. भाऊ तिचे तळवे चोळत राहिला. कितीतरी वेळ चोळत राहिला. मी त्याला सांगितलं नाही.

ड्रायव्हर धापा टाकत आला. तरुण पोरगा, घामाने निथळलेला. बरोबरच्या डॉक्टरीण बाईंनी वहिनीची नाडी पाहिली आणि मान खाली घातली. ड्रायव्हर चाचरत म्हणाला, या गाडीतून आता नेता येत नाही, दुसरी बोलवावी लागेल. त्यानेच नंबर लावून फोन भाऊच्या हातात दिला. पलीकडच्या माणसाने विचारलं, कुठे यायचं?

भाऊने फोन ड्रायव्हरला परत दिला.

आमच्या घराचा पत्ता त्या परक्या पोराने सांगितला, एका दमात, कुठेही न अडखळता. ती गाडी न चुकता आली.