तिकटीवरचं लिंबू

दर रविवारी सकाळी सात वाजता आमच्या कॉलनीतली आठ-दहा माणसं कालव्याकाठच्या बागेत कचरा उचलतात. हा उद्योग मी सुरू केला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे लोकांना कामाला लावायची सवय हाडात मुरलेली. वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, एकेकटी चप्पल, सगळं आम्ही बिनतक्रार उचलतो. फक्त एका गोष्टीला कोणी हात लावत नसे. बागेत तीन वाटा मिळतात त्या तिकटीवर अधूनमधून उतारा ठेवलेला असायचा. पत्रावळीवर दहीभात, कुंकू लावलेलं लिंबू, एक अंडं. आजारी माणसावरून ओवाळून ते तिथे ठेवायचं, म्हणजे जो उचलेल त्याच्या घरी आजार जातो, अशी समजूत. इंजिनिअर झालेली माणसंसुद्धा तिकटीपाशी आली की नेमकी त्यांच्या बुटाची नाडी सुटायची.

मला या भित्रेपणाचा राग यायचा. गेल्या महिन्यात एका रविवारी मी सगळ्यांना गोळा केलं आणि उतारा उचलला. बाग झाडणाऱ्या दुर्गाबाई जवळच उभ्या होत्या. "सर, ऱ्हाऊ द्या ते," त्या हळूच म्हणाल्या. एकदाच. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दहीभात पिशवीत टाकला, लिंबू धुतलं, चिरलं, आणि बाटलीतल्या पाण्यात साखर-मीठ घालून सगळ्यांदेखत सरबत प्यालो.

"सायट्रिक ॲसिड आहे, दुसरं काही नाही," मी जाहीर केलं.

टाळ्या एकट्या श्रद्धाने वाजवल्या. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता फार्मसी कॉलेजात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तर दुर्गाबाई फाटकापाशी माझीच वाट बघत होत्या.

"सर, तो उतारा माझ्या नातवाचा व्हता. दीड महिना ताप हटत नव्हता. रोज चार वाजले की पाय पोटाशी घेऊन बसायचा, खाली पानी हाय म्हनायचा. तुमी काल उचलला आन् काल दुपारी ताप आलाच नाही."

"छान. औषध लागू पडलं असेल."

त्या हसल्या नाहीत. "तुमच्या घरात कोनी लहान हाय का?"

माझ्या घरात राधा आहे, सहा वर्षांची नात. मी ते त्यांना सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही याचा विचार घरापर्यंत डोक्यात राहिला.

त्याच दुपारी राधा शाळेतून आली ती सोफ्यावर गुडघे छातीशी घेऊन बसली. कपाळ तापलं होतं.

"आजोबा, पाय वर घ्या," ती म्हणाली. "खाली पाणी आहे."

घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती. फरशी कोरडी ठणठणीत होती. मी पाय वर घेतले. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

रक्त तपासलं, लघवी तपासली, दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. रोज चारला ताप एकशे तीनवर जायचा, आणि रोज तिचं पाणी थोडं चढायचं. आधी फरशीवर होतं, मग पलंगाच्या पायांपर्यंत आलं, मग गादीला लागलं. मधल्या रविवारी मी बागेत गेलोच नाही. बाराव्या दिवशी, शुक्रवारी, ती उशीवर उभी राहिली आणि हनुवटी वर करून श्वास घेऊ लागली. त्यानंतर ती जमिनीला पाय लावेना, सकाळीसुद्धा नाही. मी घाबरलो. माझ्या सगळ्या विज्ञानासकट घाबरलो.

शनिवारी बायकोने दहीभात लावला आणि राधावरून ओवाळला. तिने मला काही विचारलं नाही, मीही तिला नाही. दिवेलागणीला मी पत्रावळ तिकटीवर ठेवली आणि कोणाशी न बोलता, मागे न बघता निघालो. हे नियम मला कोणी शिकवले नव्हते. कालव्याला तेव्हा पाणी सोडलेलं नव्हतं, तरी फाटकापर्यंत माझ्या मागे पाणी हलल्याचा आवाज येत होता.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी बागेत पोचलो. दुर्गाबाईंनी पत्रावळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेवढी जागा सोडून त्यांनी बाकीची वाट झाडली. मंडळी आली, तिकटीपाशी नेहमीप्रमाणे नाड्या सुटल्या. मग हातमोजे चढवत श्रद्धा आली. तिने सोबत साखर, मीठ, कागदी ग्लास, सगळं आणलं होतं.

"सर, आज सरबत मी करणार," ती म्हणाली आणि वाकून तिने पत्रावळ उचलली.

राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. दुर्गाबाईंनी निदान एकदा तरी म्हटलं होतं. माझ्या तोंडून मात्र भलतंच निघालं.

"श्रद्धा, तुझ्या घरात कोणी लहान आहे का?"

"भाचा आहे की, चार वर्षांचा. ताई आमच्याकडेच असते ना. का हो, सर?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि कचऱ्याच्या पिशवीचं तोंड तिच्यासमोर उघडून धरलं.

दहीभात आत पडला. दुर्गाबाईंनी झाडू उचलला आणि त्या बागेच्या दुसऱ्या टोकाला निघून गेल्या. श्रद्धा लिंबू धूत असताना माझा फोन वाजला. बायको होती.

"अहो, राधा उठली. चालत आली स्वयंपाकघरात. खायला मागतेय."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. मी चष्मा पुसून परत लावला, तोवर श्रद्धाने पहिला ग्लास माझ्यापुढे धरला होता.

"सर, आधी तुम्ही."

"माझा घसा धरलाय," मी म्हणालो. "तूच घे."