चिमणीची सुतळी

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिंपीकामाची, वीतभर पात्यांची, अंगठ्याखाली मुठीचा काळा रंग पार झिजलेली. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की माझा स्क्रू आपोआप आवळतो.

माझा जन्म भट्टीत झाला. तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा तापवलं. एवढं सोसल्यावर थोडी ऐट असणारच की! मोठ्या मास्तरांनी मला दुकानात आणलं आणि त्याच दिवशी घरात सगळ्यांना बजावलं, "कापडाची कात्री कापडालाच. कागदाला लावायची नाही आणि परक्याच्या हातात द्यायची नाही." मास्तर थकले, तेव्हा त्यांनी मला सुनेच्या हातात ठेवलं. तीच माझी ताई. सगळी गल्ली तिला ताईच म्हणते.

ताईने मला फुलासारखं जपलं. काम संपलं की मऊ फडक्याने पुसायची, स्क्रूवर तेलाचा थेंब सोडायची आणि खणात ठेवायची. तिच्या नणंदबाई खिडकीशी बसून काजं-बटणं करतात. त्यांनी एकदा घाईत माझ्याने कागद कापला, तर ताई संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! रेशीम असो नाहीतर कोटाचं जाड कापड, मी सरसर चालायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, काय कटिंग आहे!" कटिंग माझं आणि नाव ताईचं, पण तिच्या बाबतीत मी कधी जळले नाही.

मग वर्ष सरता सरता एक म्हातारीशी बाई दुकानात आली. नव्या स्वेटरचं लेबल मानेला टोचत होतं. "जरा कात्री देता का, पोरी?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. ताईच्या डोक्यात कामाचा गोंधळ, आणि तिची जीभ माझ्याहून धारदार. "ही कुणाला देत नाही आम्ही," ती फटकन म्हणाली. बाई मान चोळत निघून गेली. मी खुशीत होते. ताईला मात्र त्या दिवशी चहासुद्धा गोड लागला नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी तिने जाहीर केलं, "वन्सं, यंदा मी रोज कुणासाठी तरी काहीतरी छोटंसं करणार. कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही." आणि तिने पिशवीतून एक इवलीशी कात्री काढली. लाल प्लास्टिकची मूठ, पाती बोटाएवढी! ती सुतळीने काउंटरला बांधून ताई म्हणाली, "ज्याला लागेल त्याने वापरावी."

शेजारचे इस्त्रीवाले काका दारातूनच हसले. "नव्याचे नऊ दिवस, ताई! दहाव्या दिवशी तुम्हीच सुतळी कापाल."

"तुमच्या तोंडात साखर पडणार नाही कधी," ताई म्हणाली.

झालं! गल्ली लोटली. कुणाला गोळ्यांचं पाकीट कापायचं, कुणाला पार्सलची पट्टी, कुणाला नुसतं नख. लोकांनी तिचं नाव चिमणी ठेवलं आणि मी झाले थोरली. "चिमणी आहे म्हणून बरं बाई!" हे वाक्य उठता-बसता कानावर पडायचं. माझा नुसता तिळपापड व्हायचा. अरे, मी या घराचे कपडे कापले, घर उभं केलं, आणि कौतुक कुणाचं, तर नखं कापणारीचं? तिची ती सुतळीसुद्धा माझ्या डोळ्यात खुपायची. सुतळी म्हणजे, ही सगळ्यांची आहे. मला खण होता, फडकं होतं, पण सगळ्यांची मी कधीच नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला ताईच्या हाताखेरीज आणखी काहीतरी हवंसं वाटलं.

नऊ दिवस केव्हाच होऊन गेले. संकल्प काही मोडला नाही. मग एका दुपारी बाहेर मोठा आवाज झाला. इस्त्रीवाले काका पायरीवरून पडले होते. नणंदबाईंनी आणि ताईने त्यांना आत आणून बाकावर बसवलं. घोट्यापर्यंत चढलेला जाड चामड्याचा बूट, आणि आत पाय सुजत चाललेला. लेसची गाठ ओढून ओढून दगडासारखी घट्ट झाली होती. बूट जरा हलवला की काका गुरासारखे ओरडत.

ताईने चिमणीला सुतळीसकट ओढलं. लेस कशीबशी तुटली, पण चामड्याशी गाठ पडताच चिमणीचा स्क्रू निखळला आणि तिचे दोन तुकडे झाले. खरं सांगते मित्रांनो, मला आतून गुदगुल्या झाल्या.

ताईने खणातून मला उचललं. क्षणभर ती थांबली. नणंदबाई पुटपुटल्या, "वहिनी, बाबांची कात्री..."

काका वेदनेतही म्हणाले, "ती नको, ताई. मास्तरांची आहे ती. वाया जाईल."

"पाय कुणाचा?"

"माझा."

"मग कात्री माझी आहे. गप्प बसा आणि हलू नका."

मी चामड्यात शिरले. ते कापड नव्हतं, ते मला झोंबलं, अडलं, पण ताईने दोन्ही हातांनी मला दाबलं आणि मी चालत राहिले. शेवटी लेस ओवायच्या धातूच्या कडीवर माझं पातं आदळलं. कट्! बूट उघडला आणि काकांनी केवढा मोठा श्वास सोडला. मला वाटलं, आता माझं नाव गल्लीभर गाजणार. काका डोळे पुसत काय म्हणाले असतील? "बिचाऱ्या चिमणीने जीव दिला हो माझ्यासाठी!"

आता बोला!

धारवाल्याने मला उजेडात धरून पाहिलं. "धार लावतो, पण ही खाच जायची नाही. रेशीम अडकणार." ताईने मला पुसलं, तेल घातलं, आणि माझ्या मुठीतून चिमणीची सुतळी ओवली. तिचे डोळे भरले होते. आता मी काउंटरवर असते. खणात नवी कात्री आली आहे, चकचकीत. तिला माझं फडकं मिळालं. माझं फडकं! पहिले काही दिवस मी इतकी जळले की विचारू नका.

मग परवा ती म्हातारी बाई पुन्हा आली. तेच स्वेटर, तेच लेबल. माझ्याकडे पाहून चाचरत म्हणाली, "ही... चालेल का घ्यायला?"

ताई उठून उभी राहिली. "घ्या ना, आजी. तुमच्यासाठीच बाहेर ठेवलीय. की मी कापू?" आणि तिने स्वतः हलक्या हाताने लेबल काढलं. आजी मान फिरवून हसल्या. मग त्यांनी मला आपल्या बाहीला पुसलं आणि ठेवताना माझी मूठ बाहेरच्या बाजूला वळवली, पुढच्या माणसाला सहज घेता यावी म्हणून.

मित्रांनो, मला कुणी असं कधी ठेवलं नव्हतं. तुम्हालाही नव्या वर्षात मोठमोठे संकल्प सोडायचे असतील तर खुशाल सोडा. पण रोज कुणाला कात्री द्याल तेव्हा टोक आपल्याकडे ठेवा आणि मूठ समोरच्याकडे करा. आणि वापरून झाली की पुसा हो, आम्हाला गंज चढतो.

त्या दिवशी आजी गेल्यावर मी सहज खणाकडे पाहिलं. फट उघडी होती आणि नवी माझ्या सुतळीकडे एकटक बघत होती. जळत होती बिचारी. मला सगळं कळतं.