न झालेला बिघाड

"मशीन बिघडलंय, लवकर या," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. समोर इस्पितळातलं एक्स-रेचं मशीन ठणठणीत उभं होतं.

तिची छाती धडधडू लागली, गाल तापले. तो येणार! दुरुस्तीला येणारा हा इंजिनियर स्क्रू काढता काढता सहज विचारायचा, "आज फार दमलात का?" तिला असं कुणी विचारून युगं लोटली होती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. परांचीवरून पडलेला रंगारी तो. कमरेखालचा भाग गेला आणि हळूहळू बोलणंही आटलं. चार शब्द बोलण्यात कसलं आलंय पाप, असं ती मनाला समजावत आली होती. देवानंच धाडला असेल, असंही एकदा वाटून गेलं होतं.

पण आज तोंडातून चक्क खोटं निघालं होतं. दर रविवारी चर्चमध्ये मुलांना तीच शिकवायची, की मोह शिंगं लावून येत नाही, ओळखीचा होऊन येतो.

"बाई गं, काय केलंस हे!" ती स्वतःलाच म्हणाली आणि तिनं पुन्हा फोन लावला. "येऊ नका. चालू झालं."

तिकडून हसणं ऐकू आलं. "मी तर खालीच आहे. मशीन राहू दे, चहा घेऊ. तुम्ही बोलावलंत, त्यातच सगळं आलं."

तिच्या अंगभर आनंद सळसळला. भेटते, नीट सांगते, की संपलं, असं म्हणत तिनं पर्समधला कंगवा काढला. केसांत फिरवला आणि हात तिथंच थबकला. निरोप द्यायला कोण केस विंचरतं?

"प्रभो, माझ्यात बळ नाही," ती पुटपुटली, "पाय तेवढे आहेत."

शेजारच्या खोलीत सिस्टर पट्ट्या गुंडाळत होत्या. "सिस्टर, माझं काम सांभाळाल? मला पळायचंय."

"का गं? बरं नाही का?"

"अजून बरी आहे, म्हणूनच पळतेय! इंजिनियर आले तर सांगा, तक्रार खोटी होती, मीच केली होती. यापुढं फोन दुसरं कुणीतरी करेल."

लिफ्ट वर येत होती. ती मागच्या जिन्यानं सुटली. अंगात एक्स-रे काढताना घालायचा शिशाचा जड एप्रन तसाच. काढायचं भानच नव्हतं. रस्त्यावर लोक वळून वळून बघत होते. धाप लागली, पोटात कळ आली, तरी ती धावतच राहिली आणि धावता धावता चक्क हसू लागली. सुटले! देवा, सुटले मी!

सासूबाईंनी दार उघडलं. "अगं, आग लागलीय का कुठं?"

"लागत होती, आई."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. काही न विचारता एप्रनच्या गाठी सोडल्या. "आत जा. जागाच आहे तो."

पलंगाच्या कडेला बसून तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. फोन, कंगवा, झालेला आनंदसुद्धा. तो छताकडे बघत ऐकत होता.

"हात लावला त्यानं तुला?"

"नाही. पण थांबले असते तर माझा मला भरवसा नव्हता. तो विचारायचा रे, दमलात का. तेवढ्यावर मी..."

"मी नाही विचारलं कधी," तो म्हणाला.

"तुझ्यावर ढकलत नाहीये. खोटं मी बोलले."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. ती हलकेच उठली. दारापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, खरखरीत, पण मोठा.

"आई, माझं दाढीचं सामान कुठं ठेवलंयस?"

सासूबाई लगबगीनं सगळं घेऊन आल्या. सवयीनं ती ब्रश उचलायला गेली, तर त्यानं हात पुढं करून तो स्वतःच घेतला. फेस कानापर्यंत गेला, उशीवर सांडला. ती पाण्याची वाटी तेवढी त्याच्यापुढं धरून बसली.