पडद्याच्या आतला खिसा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. कधी काळी आकाशी होतो, आता धुऊन धुऊन पाण्याच्या रंगाचा झालो आहे. दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत मी लटकतो. पंखा फिरला की डुलतो, थांबला की पेंगतो.

मागावर असताना मला नाटकाच्या रंगमंचाची स्वप्ने पडत. नशिबी आली ही लोखंडी नळी. पण एचआयव्ही असलेली माणसे माझ्याआड आली की त्यांचे आखडलेले खांदे सैल होत. "बरं वाटतं हो इथं," कुणी म्हटले की मी दिवसभर फुगून असे. पुढे माझ्या दोन-तीन कड्या तुटल्या, मी एका बाजूला लोंबू लागलो आणि मग माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना.

एका दुपारी शिंपी आला. त्याला आणि त्याच्या बायकोला, दोघांनाही एचआयव्ही. गोळ्या मात्र दोघेही चुकवत नसत.

"कुठं फोड, जखम?" नर्सताईंनी विचारले.

"छे! गोळ्या चालू आहेत ना."

"तरी आत या, बघून घेऊ."

तो ताडकन उठला, पळू लागला आणि त्याच्या पिशवीच्या बक्कलात मी अडकलो. टर्रकन फाटलो! दारापर्यंत जाऊन तो थबकला. शिंप्याला फाटके बघवत नाही. मुकाट्याने परतला, स्टुलावर बसला, मला मांडीवर घेऊन शिवू लागला. हात कामात गुंतले, नजर खाली गेली, तसे त्याचे तोंड उघडले.

"फोड आलाय, ताई. दुखत नाही म्हणून बोललो नाही. कामाला बाहेरगावी होतो, तिथं चूक झाली माझ्याकडून. घरी तर कंडोम कधीच सोडलाय. दोघांनाही एकच आजार, म्हटलं आता आणखी काय व्हायचंय?"

"दुसरे आजार होतात की! गोळ्या एचआयव्हीला आवरतात, बाकीच्यांना नाही. हा सिफिलिस असू शकतो, संबंधातून लागणारा. रक्त तपासू. इंजेक्शनानं बरा होतो. पण तिलाही आणा."

सुई थांबली. "कळलं तर सोडून जाईल ती."

"नाही कळलं तर आतल्या आत आजारी पडेल."

तो तिला घेऊन आला. माझ्याआडच त्याने सगळे सांगितले.

"एवढं पोटात ठेवून माझ्यासमोर जेवत होता तुम्ही?" ती म्हणाली आणि माझ्याच कडेने तिने डोळे पुसले. ते ओलेपण मला अजून आठवते. रक्त तपासले, तर दोघांनाही सिफिलिसची लागण होती. ती पुढे सरसावली. "टोचा. आधी मला. ह्यांच्याकडे घरी बघते."

मग तिची नजर त्याच्या शिवणीवर गेली. "टाका किती वाकडा घातलाय! घाबरला होता वाटतं?"

त्याने मान डोलावली. त्याच्या पिशवीतून तिने कापडाचा एक तुकडा काढला आणि माझ्या आतल्या बाजूला खिसा शिवला.

"कंडोमची पाकिटं इथं ठेवत जा, ताई. बाहेर टेबलावरून सगळ्यांदेखत उचलायला मलाही लाज वाटायची."

पहिले पाकीट तिनेच उचलले आणि नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबले.

मित्रांनो, माझ्याआड खुशाल अंग झाका, दुखणे मात्र झाकू नका. आणि मला धुवाल तेव्हा तो वाकडा टाका उसवू नका. वाऱ्यावर तरंगून जावेसे वाटते तेव्हा तोच मला इथे धरून ठेवतो.