अर्ध्या तिकिटाची चौकशी

शिरूर कासारहून सुटणारी सकाळची एसटी पिंपळफाट्यावर डांबरी सोडायची आणि खडीच्या रस्त्याने आत माळवस्तीवर यायची. कडुनिंबाखाली वळसा घेऊन, बाया-पोरींना भरून ती परत शिरूरला जायची. तिच्या जिवावरच आरोहीचं कॉलेज चाललं होतं.

आरोहीचे वडील, हनुमान, कडा गावच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. मुलीचं अकरावीला नाव घालताना त्यांनी सगळ्या भावकीसमोर आपल्या वडिलांकडून, राधाकिशनआबांकडून, शब्द घेतला होता. आबा म्हणाले होते, "वस्तीवर यष्टी येती तवर पोरगी शिकंल. जीपमधी गड्यांच्या मांडीला मांडी लावून माझी नात जायची न्हाई, अन् फाट्यापस्तोर एकटी चालायची बी न्हाई."

दिलेला शब्द आबांनी कधी मोडला नव्हता. त्याच जोरावर ते दोनदा सरपंच झाले आणि पंचक्रोशीतली भांडणं त्यांच्या ओसरीवर मिटायची. आता आरोहीला अठरावं सरलं होतं, बारावीचं निम्मं वर्ष बाकी होतं, आणि माजलगावहून मागणी आली होती. धरणाखालचा ऊस, एकुलता एक मुलगा, घरात राजकारण. आबांना स्थळ पसंत होतं. मध्ये आडवा होता तो त्यांचा स्वतःचा शब्द.

अशात स्वप्ना आली. ती पुण्याच्या एका संस्थेत माणसांच्या प्रवासाचा अभ्यास करायची. कोण कुठं जातं, कशानं जातं, आणि जायचं असून कोण जाऊ शकत नाही, हे ती गावोगाव विचारत होती. आबांनी तिला ओसरीवर बसवलं. आरोहीनं चहा आणला आणि ती दाराशीच उभी राहिली.

"तिकिटाच्या यंत्रात तुमच्या वस्तीचं नावच नाही," स्वप्ना आबांना सांगत होती. "इथं चढलेल्या माणसाला कंडक्टर फाट्याचंच तिकीट देतो. त्यामुळं कागदावर माळवस्तीहून कुणीच जात नाही. आत वळायला डिझेल जातं, वेळ जातो. खरंच गरज आहे असं लोकांच्या तोंडून कळलं, तर ही फेरी चालू ठेवा असं आम्ही लिहू."

"आन् न्हाई कळलं तर?" आबांनी विचारलं.

"मग बस फाट्यावरूनच जाईल, आबा."

"लई चांगलं काम करायल्यात तुमी," आबा म्हणाले आणि त्यांनी बशीतला चहा संपवला. मग त्यांनी आत हाक मारली, "छबू, जरा इकडं ये."

दुपारी बाया मारुतीच्या पारावर जमल्या. स्वप्नानं गड्यांना लांब बसायला सांगितलं होतं. बायकांचं बायकांकडूनच ऐकायचं, हा तिचा नेम. पण आरोहीची आजी छबुबाई सगळ्यांच्या मधोमध बसली होती.

"मावशी, गेल्या आठवड्यात कुठं कुठं गेलात?" स्वप्नानं केशरबाईला विचारलं.

"मी कुठं जाती बाई. चूल अन् शेत."

"बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणालात. त्या कुठून आणता?"

"येतेत."

"कोण आणतं?"

"येतेत आपल्या."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. भामाबाईनं तर लग्न झाल्यापासून गावाची शीव ओलांडली नसल्याचं सांगितलं. परवाच ती लेकीच्या बाळंतपणाहून परतली होती, आणि बसमध्ये तिचं गाठोडं आरोहीच्याच मांडीवर होतं.

आरोही पुढं झाली. "मी जाते, ताई. रोज. आणि या सगळ्या..."

"आगं आरोही, शेळी सुटली बघ," आजी म्हणाली. शेळी सुटली नव्हती. तरी आरोहीला उठून जावं लागलं.

निघताना स्वप्ना तिला जीपपाशी भेटली. "उत्तरं जुळत नाहीत," ती म्हणाली. "कंडक्टर म्हणतो गाडी भरून जाते, इथं कुणी जातच नाही म्हणतात. बाजाराच्या दिवशी मी स्वतः झाडाखाली उभी राहून मोजते. दहा जणी चढल्या तरी माझं काम होईल."

आरोहीला हायसं वाटलं. बाजाराला दहा काय, वीस जणी असायच्या.

संध्याकाळी ती शेजारच्या वच्छलाबाईच्या ओट्यावर गेली. तीही दुपारी पारावर होती. "काकू, तुमी खोटं कावून बोललात?"

"तुला ठाऊक न्हाई व्हय? अर्ध्या तिकिटाची चौकशी हाय ती. बाया लई फिरायल्यात म्हणून सरकारचा खर्च वाढलाय. ज्या वस्तीच्या जास्त बाया, तिथलं अर्धं तिकीट बंद."

"कोण म्हणलं?"

"तुझीच आजी."

आरोहीनं सगळं समजावून सांगितलं. बस चालू राहावी म्हणूनच मोजणी आहे, मोजायचं ते वस्तीवरून चढणाऱ्यांनाच. शेजारपाजारच्या बाया गोळा झाल्या, ऐकत राहिल्या. शेवटी भामाबाई म्हणाली, "पोरी, तुला कालेजाला जायचंय. तुझं खरं कसं धरावं?"

"मग आबांना विचारा. त्यांच्यासमोरच बोलली ती ताई."

घोळका ओसरीवर गेला. आबा सुपारी कातरत होते. आरोहीनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"आबा, पोरगी म्हणती ते खरं का वो?" केशरबाईनं विचारलं.

आबांनी नातीकडं बघितलं, मग बायांकडं. "पोरगी सायन्सला हाय," ते म्हणाले. "तिचंच खरं असंल. आमी काय, आंगठेबहाद्दर."

सगळे हसले, अगदी आरोहीची आई विजयमालासुद्धा. सासरा हसला की तिला हसावंच लागायचं. त्या हसण्यानं निकाल लागला. आबा खोटं बोलले नव्हते. ते खोटं कधी बोलतच नसत.

बाजाराच्या दिवशी कडुनिंबाखाली स्वप्ना होती आणि आरोही होती. बाकी कुणी नव्हतं. एसटी आली, वळली. कंडक्टरनं मान बाहेर काढून विचारलं, "आज वस्ती मेली का काय?"

"ताई, त्यांना वाटतंय तुम्ही अर्धं तिकीट बंद करायला आलाय," आरोही म्हणाली. "म्हणून आल्या नाहीत. रोज असतात, आईशप्पथ."

स्वप्नानं तिचं बोलणं लिहून घेतलं, शब्द न् शब्द. "हे मी शेऱ्यात घालते," ती म्हणाली. "पण तुझ्या नाहीतर कंडक्टरच्या सांगण्यावर आकडा बदलता येत नाही गं."

दोघी बसमध्ये शेजारी बसल्या. खडीच्या रस्त्यानं गाडी खडखडत फाट्यावर आली आणि तिथं, पिंपळाखाली, माळवस्तीच्या सगळ्या बाया उभ्या होत्या. टोपल्या, पिशव्या, एकीच्या हातात कोंबडीचे पाय. घामाघूम. दिवस उगवायच्या आत उठून चालत आल्या होत्या. वस्तीवरून चढलं की वस्ती मोजली जाणार. फाटा काय कुठल्या एका वस्तीचा नाही, असा त्यांचा हिशोब.

बाया चढू लागल्या तशी आरोही उठून उभी राहिली. "बघा, ताई. ह्याच त्या."

स्वप्नाचा चेहरा उजळला. तिला तिचं न जुळणारं कोडं सुटलं होतं. "मावशी, तुम्ही माळवस्तीच्याच ना? इथपर्यंत चालत आलात?"

केशरबाईनं छबुबाईकडं बघितलं. आजी सगळ्यात आधी चढून खिडकी धरून बसली होती.

"मग? चालायला काय झालं," केशरबाई धापा टाकत म्हणाली.

"नेहमी इथूनच बसता?"

"नेमानं. वस्तीवर यष्टी येती हेच आमाला ठाऊक न्हाई." तिला स्वतःच्याच हुशारीचं हसू आवरेना.

"खोटं आहे," आरोही म्हणाली. "ताई, ही माझी आई. हिला विचारा. आई, तू कुठून बसतीस? एकदा सांग."

विजयमाला दांडीला धरून उभी होती. चप्पल तुटल्यानं ती हातात घेतलेली, टाच फुटलेली. तिनं लेकीकडं बघितलं नाही. सासूनं मान खिडकीतून आत वळवली होती.

"फाट्यावरून," विजयमाला म्हणाली.

स्वप्नानं ते लिहून घेतलं. मग आरोहीच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या आवाजात म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. फाटा वस्तीच्या चालण्याच्या टप्प्यात आहे, एवढंच यातून दिसतं. म्हाताऱ्या बायका येतात, तर तुलाही जमेल."

मागच्या बाकावर भामाबाईनं कंडक्टरकडून अर्धं तिकीट घेतलं आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. "ऱ्हायलं का न्हाई?"

पुढच्या महिन्यात एसटी आत वळायची थांबली. बाया आता खरोखरच फाट्यापर्यंत चालू लागल्या आणि चालताना सरकारला शिव्या घालू लागल्या. आबांनी कड्याहून हनुमानला बोलावून घेतलं. ओसरीवर सगळी भावकी बसली होती, शब्द दिला तेव्हा बसली होती तशीच. माजलगावचे पाहुणे दुपारपर्यंत येणार होते.

हनुमान मान खाली घालून म्हणाला, "आबा, निदान परीक्षा होऊ द्या."

"मी कुठं अडवलं?" राधाकिशनआबा शांतपणे म्हणाले. "माझा शब्द हाय तसा हाय. पोरीलाच विचारू." त्यांनी आरोहीला समोर बोलावलं. आवाज मायेचाच होता. "सांग बाळा, चारचौघांत सांग. वस्तीवर यष्टी येती का?"

भावकी तिच्याकडं बघत होती. दाराआड आई होती.

"न्हाई," आरोही म्हणाली.

"आत जा मग," आबा म्हणाले. "आईला मदत कर. पाव्हणे जेवूनच जातील."