धुक्यातली गार टाकी

सिलतऱ्याच्या कारखान्यातली सकाळ पाण्याच्या टाकीच्या माथ्यावरून उतरते. आधी वरच्या कठड्याचा गंज तांबूस होतो. मग उजेड पत्र्यावरून सावकाश खाली सरकतो. काजळीच्या ओघळांवर रेंगाळतो, सुटलेल्या रंगाच्या पापुद्र्यांखाली बारीक सावल्या ठेवतो. आत पाणी नसते तिथवर तो पत्रा तापवतो. पाणी लागले की त्याचे बळ सरते. सर्वांत शेवटी तो माझ्यापाशी येतो. मित्रांनो, या टाकीच्या तळाशी बसवलेला, पाण्याचा दाब मोजणारा जुना सेन्सर मी आहे.

वर जितके पाणी, तितका भार माझ्या पातळ पडद्यावर पडतो. तो भार मी आकडा करून नियंत्रण कक्षात पाठवतो. हेच पाणी लोखंड वितळवणाऱ्या भट्टीभोवतीच्या नळ्यांतून फिरून त्यांना गार ठेवते. ते फार उतरले, की माझ्या इशाऱ्याने भोंगा वाजे आणि भट्टी आपोआप बंद पडे.

पहिल्या विश्वकर्मापूजेला मला कुंकू लागले. पुढच्या उन्हाळ्यात पाणी वारंवार उतरले, भट्टी वारंवार थांबली आणि मी सगळ्यांचा वैरी झालो. येता-जाता कुणी माझ्यावर थुंके. पाळीप्रमुख श्यामराव तर पान्याने ठोकत.

"काहून बोंबलून राहिला बे सारखा? काम करू देशील का नाही?"

त्यांची स्वतःची रीत होती. रोज सकाळी ते टाकीवरून तळवा खाली फिरवत; तापलेला पत्रा संपून जिथे गार लागे, तिथवर पाणी. एक दिवस त्यांनी भोंग्याकडे आणि भट्टीकडे जाणारी माझी तार काढून टाकली. उरला फक्त आकडा.

यंत्रांची देखभाल करणारी कौमुदी भांडली. "काका, तार जोडून द्या. हाताच्या भरवशावर भट्टी चालते का?"

"तुह्या जन्माच्या आधीपासून चालवून राहिलो, पोट्टी. हा डब्बा मले शिकवन का?"

मीही त्यांचा द्वेष करू लागलो. मुक्याचा द्वेष फार थंड असतो.

मग जानेवारीत दाट धुके पडले. त्या सकाळी उजेड टाकीवर उतरलाच नाही. पाणी चढवणारा पंप अडकला होता. माझ्यावरचा भार हलका होत होत जवळजवळ नाहीसा झाला. भट्टीवर श्यामरावांचा भाचा अभिनव होता. तो धावत आला.

"मामा, आकडा एकदम खाली गेला! भट्टी बंद करू का?"

श्यामरावांनी तळवा फिरवला. ऊन नसले की भरलेली काय नि रिकामी काय, टाकी वरपासून खालपर्यंत गारच लागते.

"गच्च भरली आहे रे. त्या डब्ब्याचं टाळकं फिरलं. चालू ठेव."

अभिनव परत गेला. थोड्याच वेळात नळी फुटली, वितळलेले लोखंड उसळले आणि त्याचे दोन्ही हात भाजले.

चौकशीत श्यामराव एकच सांगत राहिले. "टाकी भरली होती. मी सोता हात लावला." कौमुदीने सर्वांसमोर टाकी भरून, उपसून माझा आकडा तपासला. तो बरोबर निघाला. "आज बरोबर दाखवते," श्यामराव म्हणाले, "त्या दिवशी नाही." मला काढून भनपुरीच्या भंगारात टाका, असा त्यांचा आग्रह होता.

मित्रांनो, माझ्यावर माया करू नका. मला तिची सवय नाही. माझ्या तोंडाशी साचलेला गाळ तेवढा काढा, मला तपासत राहा आणि नकोशी बातमी आणली म्हणून कुणाची तार तोडू नका.

आज सकाळी लख्ख ऊन होते. अभिनव आला होता, दोन्ही हातांना पट्ट्या. श्यामराव चहाचा ग्लास त्याच्या ओठांशी धरून उभे होते.

"मामा, त्या दिवशी टाकी खरंच गार लागली?"

"लागली होती ना बाप्पा."

त्यांनी मोकळा हात पत्र्यावर ठेवला. वर चटका, खाली गारवा. हात तिथेच राहिला. ग्लासमधला चहा हिंदकळून अभिनवच्या पट्टीवर सांडला, तरी त्यांना कळले नाही.

"ऊन नव्हतं रे," ते म्हणाले. मग पत्र्यावरचा हात काढत, "टाकी रिकामी होती."